खुर्ची उन्हात वाळत घातली होती

"हिला तुझी जात सांग," सर म्हणाले. "इंग्रजीतून सांग. म्हणजे तिला कळेल आपण कुठवर आलोय."

मी उभी होते. नांदेडला, सरांच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलाशेजारी. टेबलाला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. पाहुणीच्या खांद्यामागं उभं राहून मी इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करत होते. दुभाषी. त्या दिवशी माझं काम तेवढंच.

पाहुणी अमेरिकेची. नाव लोरेटा. काळी बाई, साठीला आलेली, केस बारीक कापलेले, आवाज जाड. तिकडं दक्षिणेतल्या एका राज्यात काळ्या लोकांची नावं मतदार यादीत राहावीत, त्यांना मतदानाला जाता यावं, म्हणून ती आयुष्यभर दारोदार फिरलेली. आपल्याकडं बायका सरपंच होतात, राखीव जागेवर दलित बायकाही होतात, हे तिनं ऐकलं होतं. ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. सरांच्या संस्थेनं तिला बोलावलं.

सर म्हणजे संस्थाचालक. दोन कॉलेजं, एक सामाजिक संस्था, गावाकडं जमीन. खादीचं जाकीट. भाषण चांगलं करतात. अमेरिकेतल्या वंशभेदावर तर लईच चांगलं. त्यांच्याच कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायचे.

"सांग ना. लाजतेस काय? आणि हेही सांग, की तू आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतेस. मॅडम तुला हातानं वाढतात."

मॅडम हसल्या. पोळीवर तूप सोडता सोडता मान डोलावली.

मी सांगितलं. माझ्या तोंडानं, माझ्याबद्दल. की आमची जात ही होती. आता आम्ही बौद्ध. पण या घरात मला जातीनंच ओळखतात आणि तरीही आत येऊ देतात. वाक्य नीट झालं. व्याकरण चुकलं नाही.

लोरेटानं चमचा खाली ठेवला. वळून माझ्याकडं बघितलं. "तू का बसली नाहीस?"

"काय म्हणतेय?" सरांनी विचारलं.

"मी का बसले नाही, असं विचारतात."

सर मोठ्यानं हसले. "म्हणाव, दुभाष्यानं उभंच राहायचं असतं. पद्धत आहे."

तेही मी सांगितलं. लोरेटा पुढं जेवली नाही.

माझं गाव कंधार तालुक्यातलं. बाप हैदराबादला मिस्त्रीच्या हाताखाली. माय रोजानं जायची. शिकायला मी लातूरला गेले. आजूबाजूला सगळी पोरं डॉक्टर व्हायला आलेली, गल्लोगल्ली क्लास. मी सरकारी होस्टेलात. तिथं मी इंग्रजी पुस्तकातून शिकले नाही. कानानं शिकले. मोबाइलवर अमेरिकेतल्या काळ्या बायकांची भाषणं ऐकायचे. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, मोठ्यानं म्हणायचं. खोलीतल्या पोरी म्हणायच्या, हिला याड लागलंय. मला त्या बायका आवडायच्या कारण त्या रडत नव्हत्या. त्या जाब विचारत होत्या. पोलिसांना, न्यायाधीशाला, स्वतःच्या अध्यक्षाला. माझ्या वस्तीत जाब विचारणारी बाई मी तोवर बघितली नव्हती. शिव्या देणारी बघितली होती. जाब विचारणारी नाही.

मग तिकडं एक माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला. श्वास घेता येत नाही म्हणत मेला. जगभर लोक रस्त्यावर आले. आपल्याकडं लॉकडाऊन होता. सरांनी ऑनलाइन परिसंवाद ठेवला. सर बोलले. गळा दाटून बोलले. म्हणाले, माणसाच्या कातडीवरून माणूस ठरवणारा देश स्वतःला लोकशाही कसा म्हणवतो?

त्याच दिवसांत आमच्या बाजूच्या गावात एका पोराला मारलं होतं. जयंतीचं गाणं मोबाइलवर मोठ्यानं लावलं म्हणून. पाय मोडला. मी परिसंवादात विचारलं, "सर, त्या पोरासाठी आपण काय करायचं?" माझा आवाज बंद केला. थोड्या वेळानं मलाच बाहेर काढलं. नंतर फोन आला, "विषयाला धरून बोलत जा."

विषय अमेरिका होता. पाय आमचा होता.

तरी नोकरी त्यांच्याच कॉलेजात धरली. दुसरं दार उघडं नव्हतं. आमच्यासारख्यांना दार निवडायला मिळत नाही.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीनं निघालो. सरांच्या संस्थेनं दत्तक घेतलेलं गाव. तेही कंधारकडचंच. गाडीत सर पुढं बसले, मी आणि लोरेटा मागं. सर मराठीत म्हणाले, "गावात जरा सांभाळून. हिनं तिकडं जाऊन चांगलं सांगितलं पाहिजे. मला भाषणाला बोलावणार आहेत अमेरिकेत. लोक काहीबाही बोलतील, सगळंच सांगायचं नसतं. तू हुशार आहेस."

हुशार. म्हणजे काय गाळायचं ते कळणारी.

गावात हलगी लावली होती. शाल, नारळ, फेटा. ग्रामपंचायतीच्या दारात तोरण. आत टेबल, टेबलामागं मोठी खुर्ची, वर भिंतीवर सरपंचांच्या नावांचा फळा. शेवटचं नाव बाईचं होतं. धुरपताबाई. मोठ्या खुर्चीत बसला होता उपसरपंच. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, समोर मोबाइल. बाजूच्या खुर्च्यांवर सर, लोरेटा, ग्रामसेवक. खाली सतरंजीवर बायका. पुढच्या रांगेत एक बाई, पन्नाशीची, सावळी, हाडापेरानं मजबूत, डोक्यावरून पदर. ती धुरपताबाई.

लोरेटानं विचारलं, "यात सरपंच कोण?"

उपसरपंचानं खाली बोट दाखवलं.

"मग त्या खाली का?"

मी मराठीत विचारलं. उपसरपंच म्हणाला, "तिला खालीच बरं वाटतंय. सवय हाय तिला. कुणी बसू नको म्हणलंय का? इचारा."

पुरुष हसले. सर माझ्याकडं वाकले. "सांग, मोठ्यांसमोर बायका वर बसत नाहीत. संस्कृती आहे."

मी दोन्ही सांगितलं. तो काय म्हणाला ते, आणि सर काय सांग म्हणाले ते. लोरेटानं नुसतं "हं" केलं. सरांना वाटलं, पटलं.

मागून एका बाईनं विचारलं, "ही तितं काय करती, इचार की."

लोरेटानं सांगितलं. मी एकेक वाक्य मराठीत आणत गेले. की त्यांच्या वस्त्यांत मतदानाची केंद्रं कमी ठेवतात. मग रांगा लांब लागतात. म्हातारी माणसं तासन् तास उभी असतात. यादीतून नावं उडतात, उडालेली कळत नाहीत. ती आपल्या गाडीत लोकांना घेऊन जाते. आणि रांगेतल्या तहानलेल्या माणसाला पाण्याची बाटली नेऊन द्यायची म्हटलं, तर तिच्या राज्यात तसं देऊ नये म्हणून कायदा केला.

सतरंजीवरच्या बायका पुढं सरकल्या.

"पाणी?" एक म्हातारी म्हणाली.

"हाव. पाणी."

"अमेरिकेत?"

"अमेरिकेत."

"कोणाच्या रांगा लांब लागतेत? हिच्याच लोकायच्या?"

"बहुतेक यांच्याच वस्तीत."

"ये माय," म्हातारी म्हणाली. "तितं बी पाण्यावरच आले म्हन की."

तेवढ्यात धुरपताबाई उठली. पदर मागं सारला. सरळ माझ्याकडं बघून बोलली. लोरेटाकडं नाही, सरांकडं नाही. माझ्याकडं.

"बाई, मला बी एक सांगायचंय. हिला सांग. मी निवडून आलेव. पयल्या बैठकीला मी त्या खुर्चीवर बसले. एकदाच. कुणी काय बोललं न्हाई. च्या बी झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी इकडून चाललेव, तर खुर्ची भायेर. शिपाई धुवायलाय. साबण लावून. तिचे पाय बी घासायलाय, खालून. म्या म्हणलं, काय झालं रे? तर म्हणला, घाण झालीया. दिसभर उन्हात वाळत घातली व्हती. समद्या गावानं बघितलं. झेंड्याच्या दिशी म्या पांढरं लुगडं नेसून गेलेव. मला म्हणले, तू अंगणवाडीत लाडू वाट. दोरी यांनी वढली." तिनं उपसरपंचाकडं बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "आन ही सवय म्हणतेत. मला सवय न्हाई खाली बसायची. हे सांग हिला."

शिपाई दारात होता, तो भिंतीकडं बघू लागला.

सर माझ्या कानाशी आले. हसरा चेहरा तसाच ठेवून बोलले, "हे राहू दे. सांग, बाई म्हणतात गावात एकोपा आहे. महिलांना मान आहे. नळयोजनेचं सांग."

लोरेटा वाट बघत होती. धुरपताबाई उभीच होती. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी काय सांगते ते तिला कळणार नव्हतं. सर याच भरवशावर होते. या देशात आमचं म्हणणं वर जाताना असंच मधल्या माणसाच्या तोंडातून जातं. तिथं ते गोड होतं. तिथं त्याची नळयोजना होते. आणि सरांनी त्या मधल्या जागेवर मला उभं केलं होतं. तिच्या वस्तीतल्या पोरीसारख्या पोरीला. म्हणजे उद्या कुणी विचारलंच, तर म्हणता यावं की त्यांच्यातलीच होती की सांगणारी.



मी इंग्रजीत सगळं सांगितलं. खुर्ची. साबण. घासलेले पाय. ऊन. लाडू. दोरी. एक शब्द गाळला नाही. मग म्हणाले, "आणि या गृहस्थांनी मला आत्ता सांगितलं, की हे तुम्हाला सांगू नकोस. गावात एकोपा आहे असं सांग." मग वळून तेच सगळं मराठीत सांगितलं. म्हणजे खाली बसलेल्या बायकांनाही कळावं, मी काय बोलले.

सरांचा चेहरा उतरला. "बस कर," ते म्हणाले.

"हे मला बस कर म्हणतात," मी इंग्रजीत सांगितलं.

"तुला नोकरी कुणी दिली? माज आलाय तुला."

तेही सांगायला गेले. माज हा शब्द इंग्रजीत एका शब्दात येत नाही. म्हणून समजावून सांगितला. जनावराला येतो तो, आणि आमच्यातलं कुणी मान वर केली की त्यांना दिसतो तो. एकच शब्द.

उपसरपंच उठला. "गाडीत घाला हिला."

"हे म्हणतात, हिला गाडीत घाला."

मागं कुणीतरी बाई फिसकन हसली. घाबरून हसली. पण हसली. अशा माणसांवर कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

लोरेटा खुर्चीवरून उठली. भाषण केलं नाही. धुरपताबाईसमोर जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "यांना विचार, हे मी माझ्याकडं जाऊन सांगू का? त्रास यांना होईल, मला नाही. म्हणून यांनीच ठरवायचं. नाव लपवून सांगू, की सांगूच नको?"

मी विचारलं.

धुरपताबाई म्हणाली, "सांग म्हणाव. नाव घालून सांग. फळ्यावर हाय तसं."

सर गाडी घेऊन निघून गेले. लोरेटाला चल म्हणाले. ती गेली नाही. आम्ही दोघी वस्तीत गेलो, भाकरी खाल्ली, ऑटोनं कंधार गाठलं. वाटेत लोरेटा म्हणाली, "मी थोड्या दिवसांनी विमानात असेन. तू इथंच. म्हणून मी तुला शाबास म्हणत नाही. शाबासकी देणारे फार बघितलेत मी." एवढंच. मला ते बरं वाटलं.

कॉलेजात परत गेले तर वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. प्राचार्य म्हणाले, वर्कलोड नाही. डोळ्यांत बघून बोलले नाहीत.

महिन्याभरात सरांचा लेख आला. अमेरिकेच्या काळ्या भगिनीबद्दल. तिच्या लोकांची दुःखं, रांगा, पाणी, सगळं होतं. माझ्याच तोंडून मराठीत ऐकलेलं. शेवटी लिहिलं होतं, आपल्याकडे सुदैवाने गावगाडा बदलला आहे. सोबत फोटो. फोटोत लोरेटाच्या खांद्यामागं माझा कोपर तेवढा उरला होता.

मी आणि धुरपता मावशी पोलिसांत गेलो. मी तिला तेव्हापासून मावशी म्हणते. दिवसभर बसवून ठेवलं. साहेब म्हणाले, "खुर्ची धुणं गुन्हा आहे का? स्वच्छता आहे." मी म्हणाले, "तुम्ही उठल्यावर तुमची धुतात का?" तक्रार घेतली शेवटी. साक्षीदार विचारले. सगळ्या गावानं बघितलेलं. एकही नाव देता आलं नाही. शिपाई म्हणाला, मला लेकरं हायत. तपास चालू आहे, असं सांगतात.

मधे एकदा लोरेटाचा व्हिडिओ कॉल आला. मावशी माझ्याशेजारी बसली होती. लोरेटानं त्यांच्या चर्चमधल्या सभेत मावशीची गोष्ट सांगितली होती. नाव घालून. तिथली एक म्हातारी उठून म्हणाली, मी लहान असताना दुकानात आईनं टोपी डोक्यावर घालून बघितली. गोऱ्या मालकानं ती टोपी आईला विकत घ्यायलाच लावली. तुझ्या डोक्याला लागलेली दुसरं कोण घालणार, म्हणाला.

मी मराठीत सांगितलं. मावशीनं डोक्यावरचा पदर चाचपला. मग म्हणाली, "टोपी बी?"

"हाव, टोपी बी."

"तिला सांग," मावशी म्हणाली, "त्या म्हातारीला माझा राम राम न्हाई, सलाम न्हाई, नमस्कार बी न्हाई. म्हणाव, मी तिच्या शेजारीच बसलेली हाव."

हे मी इंग्रजीत सांगितलं. लोरेटानं ते लिहून घेतलं.

मग अविश्वास ठराव आला. मावशीवर. कारण काय, तर मनमानी कारभार. जिला खुर्चीला परत हात लावू दिला नाही, तिची मनमानी. सदस्यांनी पटापट हात वर केले. मावशीच्या वस्तीतल्या सदस्यानंही केला. तो उपसरपंचाच्या शेतात सालगडी. त्यानं हात वर केला तेव्हा डोळे मिटलेले होते. मावशी लोकांतून थेट निवडून आलेली, म्हणून गावाचं गुप्त मतदान घ्यावं लागणार होतं. आम्ही घरोघर गेलो. मराठ्यांच्या घरी, लिंगायतांच्या घरी, मुसलमानांच्या घरी, आमच्या लोकांच्या घरी. मागच्या दारानं बायका बोलायच्या. "आमाला बी कुठं बसू देतेत खुर्चीवर? पर आमचा माणूस मारील." एकीनं मावशीचा हात धरला, लगेच सोडला, इकडंतिकडं बघितलं.

मतदानाच्या आदल्या दिवशी निरोप फिरला. जे तिच्या बाजूनं जातील, त्यांना पेरणीला कुणी बोलावणार नाही.

आम्ही हरलो.

वस्तीच्या तोंडाशी फटाके लावले. गुलाल आमच्या विहाराच्या पायरीवर आणून टाकला. मावशीचा लेक काठी घेऊन उठला. तिनं त्याला दंडाला धरून खाली बसवलं. "त्यायला तेच पायजे," म्हणाली. मला वाटलं, हे सगळं माझ्यामुळं. मी गप्प बसले असते तर ही निदान फळ्यावर तरी राहिली असती. तसं तिला म्हटलं.

"येडी हायस का?" मावशी खेकसली. "बोलले मी. तू नुसतं पोचवलंस. माझं बोलणं माझं ऱ्हाऊ दे. ते बी काढून घेऊ नको."

मग म्हणाली, "पुढल्या खेपेला गावची जागा राखीव न्हाई. खुली हाय. गावातली माणसं म्हणायलीत, आता तुमचं काय काम, बसा घरी. म्या म्हणलं, खुली म्हंजे समद्यांची न्हवं का?"

एवढी शिकले मी. खुली जागा म्हणजे त्यांची, हे मीही न विचारता धरून चालले होते. शाळेपासून. ते कुठं लिहिलेलं नाही. कुणी वाचून दाखवलं नाही. तरी आम्हाला पाठ.

आता मी नांदेडची खोली सोडून माझ्या गावात आलेय. सकाळी पोरांना इंग्रजी शिकवते, दुपारून बायकांना घेऊन बसते. ग्रामसभा कधी घ्यावी लागते, कुणी बोलवायची, बोलू दिलं नाही तर कुठं जायचं, हे सांगते. उमरीहून, हिमायतनगरहून फोन येतात. तिकडच्याही सरपंच बायका खालीच बसलेल्या. त्यांना मी सांगते, उठा. पुढं काय होईल तेही सांगते. खोटं सांगत नाही. काम जाईल. ठराव येईल. आपल्यातलाच कुणी हात वर करील.

मावशी तिच्या गावात उभी राहणार. मी माझ्या गावात. दोघी खुल्या जागेवर. बहुतेक पडू. पडलो तर पुढच्या वेळी परत अर्ज भरू. मला आता कुणाची मेहरबानी नको, कुणी डोक्यावर हात ठेवायला नको. राखीव जागा आमच्या हक्काची आहे, ती आम्ही घेणारच. पण खुली जागा म्हणजे तुमची, हे यापुढं मान्य नाही.